गाडी त्याची, केबल माझी

"बाबा, काकानं तुमच्या पायावर गाडी मुद्दाम घातली होती का?"

प्रश्न विचारून झाला आणि हॉर्ननं मागं वळून पाहिलं. गॅरेजच्या फाटकाबाहेर तिच्या मैत्रिणी दप्तरं पोटाशी धरून उभ्या होत्या. मधल्या सुट्टीत त्यांनीच तिला डिवचलं होतं. त्यांच्यातली एक शिक्षकांशीसुद्धा वाद घालायची, म्हणून तिला सगळ्या वकील म्हणत. ती म्हणाली होती, अख्ख्या गल्लीला माहीत आहे, फक्त तुमच्याच घरात तोंडाला कुलपं. धमक असेल तर समोरासमोर विचारून दाखव. आणि हॉर्नच्या अंगात सध्या धमक नुसती उतू चालली होती. हॉर्न हे नाव काकानंच ठेवलेलं, पाळण्यात असताना ती भोकाड पसरायची त्यावरून. पण हा हॉर्न घरातच वाजायचा, शाळेत नुसता सायलेन्सर. हजेरीला 'उपस्थित' म्हणतानाही ती बाकाकडे बघून म्हणायची. मग संमेलनात सूत्रसंचालन करणारी मुलगी ऐनवेळी आजारी पडली, बाईंनी हिच्या हातात माईक कोंबला, आणि सगळं सभागृह हिच्या एका वाक्यावर खदखदून हसलं. तेव्हापासून तिला वाटायला लागलं होतं, कुठलाही प्रश्न म्हणजे फक्त मोठ्यानं म्हणायची गोष्ट.

बाबा व्हॅनच्या मागच्या चाकाशी बसले होते. एक पाय दुमडलेला, दुसरा पुढं पसरलेला. तो दुसरा आता दुमडायचाच नाही. त्यांनी पान्याचं तोंड फडक्यानं पुसलं. ते स्वच्छ झालं होतं तरी पुन्हा पुसलं.

"हो," ते म्हणाले.

एवढंच. ना ओरडले, ना पाना आपटला. ते ओरडले असते तर मैत्रिणींना पळायला कारण तरी मिळालं असतं. आता त्या नुसत्याच विरघळल्या. वकिलाची वेणी तेवढी फाटकाच्या गजांतून जाताना दिसली.

"तोंड चालवून झालं?" बाबा म्हणाले. "आता हात चालव. दगड लाव."

हॉर्ननं दप्तर तेलाच्या पिंपावर ठेवलं आणि कोपऱ्यातले दगड उचलले. गॅरेजची फरशी रस्त्याकडे उतरती होती आणि व्हॅन नाक आत करून उभी होती, म्हणजे निसटली तर मागंच जाणार. चाकांमागं दगड ठेवल्याशिवाय बाबा आता कुठल्याच गाडीला हात लावत नसत. सायकलचं पंक्चर काढायला आलेल्या माणसालाही ते दगड लावायला सांगतात, असं वकील म्हणायची. ते काही खरं नव्हतं, पण फार खोटंही नव्हतं.

"कशाचं काम आहे?" तिनं विचारलं.

"हँडब्रेकची केबल काढायचीय."

"तुटली?"

"नवी आहे."

"मग?"

बाबांनी उत्तर द्यायच्या आधी चाकाचा पहिला नट पान्यात नीट बसवला. वाटणीत व्हॅन तुझ्या काकाला गेलीय, ते म्हणाले; केबल वाटणीत नव्हती. केबल मी माझ्या हातानं घातलीय, कुबडी बगलेत धरून. गाडी त्याची, केबल माझी. संध्याकाळी येतोय न्यायला, घेऊन जाऊ दे गाडी.

हॉर्नला हसू आलं. बाबा मात्र हसत नव्हते.

व्हॅन आजोबांची. आजोबा गेल्यावर दोघा भावांनी तिच्यावरच गॅरेजचा जम बसवला. रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायच्या, सामान आणायचं, रविवारी सगळ्यांना कोंबून फिरायला न्यायचं. ब्रेकचं काम आलं की दोघं मिळून करायचे, कारण ते काम एकट्याचं नसतंच. एक खाली, एक सीटवर. खालच्यानं सांगायचं, वरच्यानं हँडब्रेकचा दांडा ओढायचा नाहीतर खाली करायचा. हॉर्न लहानपणी आतल्या खोलीत अभ्यासाला बसली की बाहेरून ऐकू यायचं, 'ओढ... सोड... ओढ... सोड', अगदी पाढे म्हटल्यासारखं. तिला कितीतरी दिवस वाटायचं की तेसुद्धा पाठ करावं लागतं.

मग काकाला स्वतःची पाटी हवीशी वाटायला लागली. वेगळं शेड, वेगळं नाव. त्यावरून रोज चकमकी. आणि अशाच एका दिवशी याच फरशीवर, याच व्हॅनचा ब्रेक जुळवून झाल्यावर, पकड बरोबर बसलीय का हे बघायला दगड काढलेले असताना, बाबा मागच्या चाकाशी बसलेले असताना, काकानं दांडा खाली केला. काकाचं म्हणणं, दादानं सांगितलं म्हणून केला. बाबांचं म्हणणं, मी सांगितलंच नाही. चाकामागं माझा पाय असताना मी कशाला सांगेन, मला काय वेड लागलंय? रागाच्या भरात टाकला त्यानं दांडा. हॉर्न तेव्हा शाळेत होती. ती आली तेव्हा फरशी धुऊन झाली होती आणि आईनं 'भाऊजी' म्हणायचं बंद केलं होतं. आता ती 'तो माणूस' म्हणायची.

"आत बस," बाबांनी सांगितलं. "दांड्याच्या बुडाशी झाकण आहे, ते काढ. आत नट दिसेल. त्याच्यानं केबल ताणलेली असते. आत्ता हात लावू नको. आधी मी चाकाचे नट ढिले करतो. मग मी सांगेन तेव्हा दांडा खाली करायचा, मग नट ढिला करायचा. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"तुम्ही सांगाल तेव्हा."

सीट काकाच्या बसण्यानं एका बाजूला दबली होती. हॉर्न त्या खळग्यात बसली. झाकण निघालं, आतून धूळ आणि कधीची तरी टॉफीची चांदी निघाली. दांडा वर ओढलेला होता. त्याच्या मुठीवरचं रबर अंगठ्याच्या जागी गुळगुळीत झालं होतं. तिनं आपला अंगठा तिथं ठेवून पाहिला. तिच्या अंगठ्यापेक्षा ती जागा मोठी होती.

मागून पान्याची कुरकुर येत होती. गाडी प्रत्येक झटक्याला जराशी हलायची. हॉर्नला गप्प बसवेना.

"बाबा, पण मुद्दाम करणारा माणूस दवाखान्यात कशाला येईल? आई म्हणाली, तो सगळा वेळ जिन्यात बसून होता. वर नाही आला, पण बसून होता."

पाना कुरकुरला.

"आणि त्याला तुमचा पाय मोडून काय मिळणार होतं? त्याला पाटी हवी होती. पाटी काय तुमच्या पायावर लावणार होता?"

"हॉर्न."

"नाही, मी आपली विचारते. वकील म्हणते, हेतू सिद्ध व्हायला लागतो. हेतूच नसेल तर—"

"सोड."

तिनं मूठ दाबली आणि दांडा खाली केला.

व्हॅन मागं सरकली. फार नाही, दगड तिनं चाकाला घट्ट भिडवले नव्हते, बोटभर फट राहिली होती, तेवढीच. मग टक्क करून चाक दगडावर बसलं आणि सगळी गाडी एकदा डुलली. मागं काहीतरी धडपडलं. पाना घरंगळत उतारानं फाटकापर्यंत गेला आणि गजाला अडकून थांबला.

हॉर्न उडी मारून खाली उतरली. बाबा चाकापासून दूर, कुशीवर पडले होते. दुखरा पाय त्यांनी दोन्ही हातांनी जवळ ओढून घेतला होता, मांजर पिल्लू ओढून घेते तसा.

"दांडा खाली करायला कुणी सांगितलं?"

"तुम्ही."

"मी?"

"सोड म्हणालात."

"मी तो विषय सोड म्हणालो. काकाचं ते सोड म्हणालो. ब्रेक सोड कुठं म्हणा—"

वाक्य तिथंच राहिलं. ते स्वतःच बोललेलं त्यांनी तेव्हा ऐकलं असावं. ते दगडाकडे बघत राहिले. हॉर्नही दगडाकडे बघायला लागली, कारण त्यांच्याकडे बघायची तिची छाती होईना. त्या दिवशीही वाद चालला होता. त्या दिवशीही कुणीतरी सीटवर बसून हुकमाची वाट बघत होतं. फक्त दगड नव्हते.

"बाबा, त्या दिवशी तुम्ही नेमकं काय म्हणाला होतात?"

बाबांनी फडकं शोधलं. ते त्यांच्या खांद्यावरच होतं.

"जॅक आण," ते म्हणाले.

त्यानंतरचं काम दोघांनी एकमेकांशी न बोलता केलं. म्हणजे बाबा बोलत होते, पण फक्त वस्तूंची नावं. जॅक. पाना. हातोडी. दगड त्यांनी स्वतःच्या हातानं पुन्हा लावले, लाथ मारून पाहिले. चाक निघालं, ठोकून ठोकून चाकामागचा ड्रम निघाला, आत चाकाला पकडणारे ब्रेकचे दोन शू धुळीनं काळवंडलेले. एक स्प्रिंग काढताना पकड सटकली आणि स्प्रिंग बाबांच्या गालावर चाटून गेली. त्यांनी हूं की चूं केलं नाही. एरवी त्यांनी स्प्रिंगच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता.

केबलचं टोक आतल्या आकड्यातून निघालं, पण मागच्या पत्र्यातून बाहेर येईना. तिथं तिला पोलादी पाकळ्या होत्या. भोकातून आत गेल्या की त्या फुलतात आणि मग उलट्या फिरत नाहीत. बाबांची बोटं तिथं पोचेनात.

"रिंग पाना घे. पाकळ्यांवर चढव. सगळ्या एकदम मिटल्या पाहिजेत. एक जरी उघडी राहिली तरी येणार नाही."

हॉर्ननं पाना चढवला. एक पाकळी मिटली की दुसरी उघडायची. घाम नाकावरून ओठावर आला. पाना जरा फिरवून, दाबून, पुन्हा फिरवून एकदाच्या सगळ्या मिटल्या आणि केबल सुळकन बाहेर आली, काही घडलंच नव्हतं अशी. एरवी ती नाचली असती, म्हणाली असती, बघितलंत का, टाळ्या वाजवा. तिनं पाना जागेवर ठेवला.

दुसऱ्या बाजूचं काम झालं, ड्रम आणि चाकं परत चढली आणि बाबा केबल पुसायला बसले, तेव्हा फाटकाशी काका उभा होता.

तो फाटकाच्या खालच्या लोखंडी पट्टीच्या आत पाय टाकत नसे. वाटणी झाल्यापासून ती त्याची हद्द. शर्टाच्या खिशावर त्याच्या नव्या शेडचं नाव शिवलेलं होतं, आणि तो खिसा पुढं काढूनच तो उभा होता.

"हॉर्न, तुझ्या बाबांना विचार, गाडी तयार आहे का."

बाबा आठ-दहा पावलांवर होते. त्यांनी मान वर केली नाही.

"सांग त्याला, गाडी त्याचीच आहे. न्यावी."

"आणि हातात काय आहे ते विचार."

"सांग, वाटणीत नव्हतं ते."

हॉर्न एकदा इकडं बघत होती, एकदा तिकडं. दोघंही ऐकत होते, तरी दोघंही तिच्याच तोंडाकडे बघत होते, जणू तिच्यातून गेल्याशिवाय आवाजाला परवानगी नव्हती.

काका नुसताच दात दाखवून हसला. "केबल काढली. वा. माझं शेड चढावर आहे हे माहीत आहे ना तुझ्या बाबांना? तिथं ही गाडी उभी कशी करू? खांदा लावून?"

"दगड लाव म्हणावं. आमच्यात लावतात."

ते बरोबर बसलं. काकाची मान लाल झाली. त्यानं पहिल्यांदाच तिला मध्ये न घेता तोंड उघडलं.

"दादा, पाय तुझा मोडला, पण वर्षभर खोटारडा म्हणून गल्लीत मी फिरतोय. एकदा तरी कबूल कर. तू सोड म्हणालास, म्हणून मी सोडला."

हे वाक्य तो पूर्वीही बोलला होता: दवाखान्याच्या दारात, वाटणीच्या दिवशी, एकदा तर भर बाजारात. त्यावर बाबांचं उत्तर ठरलेलं असायचं: खोटं. मग काकाचं ठरलेलं, मग बाबांचं, मग मधे कुणीतरी पडायचं. काका आताही पुढचं वाक्य तोंडात तयार धरून उभा राहिला.

बाबा केबल गुंडाळत होते. एक वेढा घातला. दुसरा घातला. वेढे सारखे यावेत म्हणून ते उलगडून पुन्हा घातले.

खोटं, असं ते म्हणालेच नाहीत.

काका थांबला. चढलेल्या आवाजाचं आता काय करावं ते त्याला कळेना. त्यानं बाबांकडे पाहिलं, मग व्हॅनकडे, मग चाकामागच्या दगडांकडे, आणि शेवटी हॉर्नकडे.

हॉर्ननं तोंड उघडलं. सगळं तिच्या जिभेवर होतं, अख्खं, मोठ्यानं म्हणण्याइतकं. तेवढ्यात बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ते रागानं बघत असते तर ती बोलून मोकळी झाली असती. बाबांच्या रागाला ती कधीच भ्यायली नव्हती. पण ते असे बघत होते, जसं तिनं कधी कधी प्रगतिपुस्तक लपवताना त्यांच्याकडे पाहिलं असेल. तिचं तोंड मिटलं.

"काय गं," काका म्हणाला. "हॉर्नची वायर तुटली का?"

मग कुणालाच उद्देशून न बोलता तो म्हणाला की हँडब्रेक नसलेली गाडी मी चालवत नाही, उद्या सकाळी दुसरी गाडी आणून टोचन लावून नेतो, ओढत. आणि गेला. जाताना त्यानं फाटक आपटलं नाही, हळू लावलं. ते तिला जास्त लागलं.

गॅरेजच्या मागच्या खोल्यांत आईनं जेवायला वाढलं होतं. बातमी आईपर्यंत हॉर्नच्या आधीच पोचली होती, वकिलाच्या आईकडून. आईनं ताट हॉर्नसमोर जरा जोरातच ठेवलं. चारचौघींसमोर बापाला असले प्रश्न विचारतात का, तिनं ऐकवलं. माईक काय मिळाला, बाईसाहेबांना गल्लीचं वार्तापत्र चालवायचंय. मग ती बाबांकडे वळली. केबल काढलीत ते फार छान केलंत, कळू दे त्या माणसाला. जन्माचा पाय अधू करून वर खिशावर नाव शिवून मिरवतोय. लाज कशी ती नाही.

बाबा ताटातलं इकडचं तिकडं करत होते. गुडघा दुसऱ्या हातानं दाबत होते, दुखत असला की दाबायचे तसा. पण आज सारखा दाबत होते, आणि आई 'तो माणूस' म्हणाली की जास्त दाबत होते.

"काय हो, बोलत का नाही?" आई म्हणाली.

हॉर्ननं वाट पाहिली. तिनं पाण्याचा पेला पूर्ण पिऊन होईपर्यंत वाट पाहिली. मग ती उठली, हात धुतले आणि दाराजवळच्या खुंटीवरून केबल काढली. गुंडाळी थंड होती आणि वाटली होती त्यापेक्षा जड.

"ठेव ते तिथं," आई म्हणाली.

"मला हवीय."

"ठेव म्हणते ना." आईनं उठून गुंडाळीचं दुसरं टोक धरलं. वेढे उलगडले. एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला हॉर्न, मधे केबल ताणलेली. आणि दोघींतली एकही हात ढिला करेना. आईच्या डोळ्यांत खरोखरचा राग होता. वर्षभर दवाखान्याच्या पायऱ्या चढून, तेल चोळून, रात्री कण्हणं ऐकून जमवलेला. तो हॉर्नला दिसत होता. तिलाही तो खोटा म्हणता येत नव्हता.

"सोड," बाबा म्हणाले.

दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं. ते ताटाकडे बघत होते.

"कुणाला म्हणताय?" आईनं विचारलं.

बाबांनी गुडघ्यावरचा हात काढला होता, आणि तो आता कुठं ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं. आई त्या हाताकडे बघत राहिली. काही तरी घडलंय आणि आपल्याला सांगितलेलं नाही, हे तिला तिथं उभ्या उभ्या कळलं असावं, कारण केबलवरची तिची पकड तशीच राहिली तरी ओढ गेली.

हॉर्ननं घसा खाकरला, माईक हातात घेतल्यावर खाकरला होता तसा. आवाज मात्र तेवढा मोठा निघाला नाही.

"सकाळी काका येण्याआधी मी ही केबल त्याच्याकडे घेऊन जाणार आहे," ती म्हणाली. "आणि बाबा त्या दिवशी काय म्हणाले असतील तेही सांगणार आहे, अख्खं वाक्य. केबल बसवायला दोन माणसं लागतात, तर सीटवर मी बसेन. खाली कुणीही बसा. पण दांडा खाली करायचा शब्द आता मी ठरवणार."